असीरगडच्या शेतात मेटल डिटेक्टर: जुनी नाणी खरंच सापडतात का? आणि सापडली तर कुणाची?

अंधारात शेतभर हलणारे बॅटऱ्यांचे आणि मोबाईलचे उजेड. कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या हातात घमेलं, कुणाकडे माती चाळायची चाळणी. आणि काहींच्या हातात लांब दांड्याचं, खाली गोल थाळी असलेलं एक यंत्र.

मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांमधले हे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. त्याच्या काही आठवडे आधी, 14 फेब्रुवारीला 'छावा' हा सिनेमा प्रदर्शित झाला होता. सिनेमात मराठ्यांनी बुऱ्हाणपूरवर केलेला हल्ला आणि तिथली मुघलांची दौलत दाखवली होती. त्यातच महामार्गाच्या कामासाठी खणलेली माती शेतांमध्ये आणून टाकली होती आणि त्या मातीत जुनी नाणी निघाल्याची चर्चा गावात सुरू होती. सिनेमा आणि चर्चा एकत्र आली आणि लोक रात्री शेतात उतरले.

व्हिडिओ पाहून अनेकांनी हसून पुढे पाठवला. काहींनी मात्र त्याच रात्री ऑनलाइन दुकानात 'मेटल डिटेक्टर' शोधला. ही बातमी आता जुनी झाली असली, तरी प्रश्न जुने झालेले नाहीत. पहिला जोरदार पाऊस झाला की शेतात नाणं सापडल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

बुऱ्हाणपूरला खरंच खजिना होता का?

बुऱ्हाणपूर हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्याला लागून असलेलं, तापीकाठचं शहर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. तिथून साधारण 20 किलोमीटरवर सातपुड्यात असीरगड आहे. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मुघलांकडे गेला. पुढे बुऱ्हाणपूर हे मुघलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं. शाहजहानची बेगम मुमताज हिचा मृत्यू 1631 साली इथेच झाला.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुऱ्हाणपूरला टांकसाळ होती. तिथे मुघलांची नाणी पाडली जात आणि पुढे शिंद्यांच्या काळातही ती चालू होती. खुद्द असीरगडाच्या नावाचंही एक प्रसिद्ध नाणं आहे. किल्ला जिंकल्याची आठवण म्हणून अकबराने सोन्याची मोहोर काढली, तिच्यावर एका बाजूला ससाणा कोरलेला आहे. मुघल नाण्यांवर प्राण्या-पक्ष्यांची चित्रं क्वचितच असतात. त्यामुळे नाणी जमवणाऱ्यांच्या जगात ही मोहोर फार मानाची समजली जाते.

आता छत्रपती संभाजी महाराजांच्या मोहिमेकडे येऊ. जानेवारी 1681 च्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी बुऱ्हाणपुरावर झडप घातली. तटबंदीबाहेरचा बहादूरपुरा आणि आजूबाजूचे श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले गेले. त्यानंतर फौज लूट घेऊन चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेली.

इथे एक साधा तर्क लावून पाहा. फौज लूट घेऊन गेली, म्हणजे सिनेमात दाखवलेली दौलत तिथे उरली नाही. शिवाय हल्ला झाला तो बुऱ्हाणपूरच्या पुऱ्यांवर आणि लोक खणत होते ते 20 किलोमीटरवरच्या असीरगडाजवळ. म्हणजे सिनेमातला प्रसंग हा काही खजिन्याचा नकाशा नाही.

पण म्हणून त्या भागात नाणी नसतीलच असंही नाही. उलट, असण्याची चांगलीच शक्यता आहे. फक्त त्यांचं कारण वेगळं आहे.

लोक पैसे जमिनीत का पुरायचे?

कारण बँका नव्हत्या. सावकार, व्यापारी, शिपाई, शेतकरी, ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक पडायचे तो ते मडक्यात घालून चुलीजवळ, भिंतीत, गोठ्यात किंवा शेताच्या बांधाला पुरून ठेवायचा. शत्रूची फौज येते आहे अशी हूल उठली की हे काम घाईने व्हायचं. बहुतेक लोक परत येऊन आपलं मडकं काढून घ्यायचे. जे परत आले नाहीत, त्यांचीच मडकी आज सापडतात. म्हणजे जमिनीत सापडणारा प्रत्येक हंडा हा कुणाचं तरी न झालेलं परतणं असतं.

याशिवाय बाजारात, घाटावर, छावणीत, नदीच्या उताराजवळ हातातून पडलेली सुटी नाणी असतात. ती बहुतेक तांब्याची असतात, कारण रोजच्या व्यवहारात तीच फिरायची. सोन्याची मोहोर खिशातून पडली तर माणूस रात्रभर शोधेल, पैसा पडला तर दोन मिनिटं शोधून पुढे जाईल. म्हणूनच जमिनीत सोनं कमी आणि तांबं जास्त.

मेटल डिटेक्टर नेमकं काय करतो?

आपल्याकडे पूर्वी गुप्तधन शोधायला 'पायाळू' माणूस आणायचे. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असा समज होता. आता त्या जागी यंत्र आलं आहे. फरक इतकाच की यंत्र खरंच काहीतरी मोजतं. पण त्याच्याकडूनही लोक पायाळूसारखीच अपेक्षा ठेवतात, तिथे घोटाळा होतो.

यंत्राच्या खालच्या थाळीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यातून वीज खेळवली की थाळीभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र जमिनीतल्या धातूच्या वस्तूपर्यंत पोचलं की त्या वस्तूत विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. थाळीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं आणि यंत्र 'टुंग' करतं.

चांगल्या यंत्रात याहून एक पायरी पुढची असते. वस्तूकडून येणारा प्रतिसाद थोडा उशिरा येतो आणि हा उशीर धातू कोणता, वस्तू केवढी यावर अवलंबून असतो. त्यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंड खालच्या आकड्यांत, चांदी आणि तांबं वरच्या आकड्यांत.

पण तीन गोष्टी जाहिरातीत सांगत नाहीत.

पहिली, खोली. नाण्याएवढी वस्तू नेहमीच्या यंत्राला साधारण 15 ते 30 सेंटीमीटरपर्यंतच कळते. म्हणजे वीतभर, फार तर दीड वीत. मोठा हंडा असेल तर थोडा जास्त खोलवर कळेल. पण 'दहा फुटांवरचं सोनं दाखवणारं मशीन' म्हणून कुणी काही विकत असेल तर सावध व्हा.

दुसरी, माती. सातपुडा, खानदेश आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात आणि त्यापासून झालेल्या मातीत लोहखनिजाचे चुंबकीय कण असतात. यंत्राला ही मातीच बोलू लागते. त्यासाठी यंत्र त्या जमिनीपुरतं जुळवून घ्यावं लागतं. तरीही खोली कमी होते आणि खोटे आवाज वाढतात. परदेशातल्या हलक्या मातीत घेतलेला यूट्यूब व्हिडिओ पाहून आपल्या रानात तसंच होईल असं धरू नका.

तिसरी, सोनं. यंत्राच्या आकड्यांत छोटी सोन्याची वस्तू आणि ॲल्युमिनियमचा तुकडा जवळजवळ सारखेच दिसतात. बाटलीचं झाकण, चंदेरी कागद, कॅनची कडी या सगळ्या गोष्टी 'सोन्यासारखा' आवाज देतात. त्यात शेत म्हटलं की बैलाच्या पायाच्या पत्र्या, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, तारेच्या कुंपणाचे तुकडे आलेच. शंभर खड्डे खणल्यावर हाती बहुतेक लोखंडच लागतं.

असीरगडजवळच्या शेतांमध्ये लोकांना आशा वाटण्याचं एक कारण मात्र खरं होतं. तिथली माती दुसरीकडून खणून आणून टाकलेली होती. खोलवरची माती वर आली की तिच्यातली नाणीही वर येतात आणि यंत्राच्या टप्प्यात येतात. पण याच कारणामुळे त्या नाण्यांचं अर्धं मोल आधीच गेलेलं होतं. कसं, ते पुढे पाहू.

सापडलेलं नाणं ओळखायचं कसं?

समजा, शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना एक नाणं हाताला लागलं. यंत्र लागत नाही, असं घडतंच. अशा वेळी सर्वांत आधी एक गोष्ट करायची नाही. ते घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नाही. तांब्यावरचा हिरवा थर किंवा चांदीवरचा काळपटपणा काढताना नाण्यावरची अक्षरंही जातात. मातीचा लगदा असेल तर साध्या पाण्याने धुवा, कापडावर ठेवून वाळवा, बास.

मग वजन करा. सोनाराकडच्या किंवा घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर होईल. जुन्या नाण्यांची किंमत त्यांच्यातल्या धातूवर ठरायची, त्यामुळे वजनं बऱ्यापैकी नेमकी असतात. मुघल सोन्याची मोहोर साधारण 10.9 ग्रॅम, चांदीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम. तांब्याचा जुना दाम 20 ग्रॅमच्या आसपास, औरंगजेबाच्या काळात तो घटवून 14 ग्रॅमच्या आसपास आणला गेला.

वजन किती बोलकं असतं, याचं एक उदाहरण पुण्याजवळचंच आहे. जानेवारी 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागातल्या बांधकामाच्या जागी सापडलेली आणि लपवून ठेवलेली 216 सोन्याची नाणी जप्त केली. एकूण वजन 2,357 ग्रॅम. आता भागाकार करा. एका नाण्याचं वजन येतं 10.9 ग्रॅम. म्हणजे नाण्यावरचं एक अक्षरही न वाचता, या मुघल मोहोरा असाव्यात हा अंदाज बांधता येतो. ही नाणी अठराव्या शतकातली असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

त्यानंतर लिपी पाहा. मुघल नाण्यांवर फारसी मजकूर असतो. त्यात 'जर्ब' असा शब्द येतो, म्हणजे 'पाडलं' आणि त्याला लागून टांकसाळीचं नाव येतं. बुऱ्हाणपूरच्या काही नाण्यांवर शहराचं कौतुकाचं नाव 'दार-उस-सुरूर', म्हणजे आनंदाचं घर, असंही दिसतं. बादशहाचं नाव दुसऱ्या बाजूला असतं. नाणं ठशापेक्षा लहान असल्यामुळे सगळी अक्षरं उमटलेली नसतात, अर्धवट असतात. हे खोटेपणाचं लक्षण नाही, उलट त्या काळात तसंच व्हायचं.

नाण्यावर हिजरी साल असेल तर त्याचं इसवी साल काढायला सोपी रीत आहे. हिजरी सालाला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. उदाहरणार्थ, 1092 गुणिले 0.97 म्हणजे साधारण 1059. त्यात 622 मिळवले की 1681. म्हणजे बुऱ्हाणपूर टांकसाळीचा हिजरी 1092 चा रुपया सापडला, तर तो मराठ्यांच्या त्या हल्ल्याच्या वर्षातला असेल.

देवनागरी अक्षरं दिसली तर? तांब्याच्या जाड नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असेल, भोवती ठिपक्यांची कड असेल, तर ती शिवराई. हिचं वजन बहुतेक 11 ते 13 ग्रॅमच्या मध्ये असतं. पण एक लक्षात ठेवा. शिवराई सापडली म्हणजे ती शिवाजी महाराजांच्या काळातलीच असं नाही. महाराजांच्या नंतर पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यापुढेही शिवराया पाडल्या जात आणि वापरात होत्या. अक्षरांच्या वळणावरून आणि ठिपक्यांवरून त्यांचे शेकडो प्रकार अभ्यासक ओळखतात.

आणि बहुतेक वेळा सापडतं ते याहून साधं असतं. व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा तांब्याचा पैसा, नाहीतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा. आजी-आजोबांच्या पेटीत असतो तोच.

खोटी नाणीही भरपूर फिरतात. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान आणि 1616, 1717, 1818 असं साल असलेली नाणी तुम्ही पाहिली असतील. ही कंपनीची चलनी नाणी नाहीत. नंतर कुणीतरी बनवून विकलेली आहेत. 'तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं' हा तर सरळ सरळ फसवणुकीचा जुना धंदा आहे. त्यात भले शिकलेले लोक लाखो रुपये घालवून बसले आहेत. 'पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या' अशा जाहिरातींबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपला काही संबंध नाही आणि असं कमिशन किंवा शुल्क आपण मागत नाही, असं बँकेने स्पष्ट केलं.

सापडलं तर ते कुणाचं?

'ज्याला सापडलं त्याचं', असं आपल्याकडे म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. पण 'सगळं सरकारजमा होतं', हा दुसरा समजही पूर्ण खरा नाही.

1878 चा भारतीय निखात निधी कायदा अजूनही लागू आहे. निखात निधी म्हणजे जमिनीत दडवलेली कोणतीही मोलाची वस्तू. तिची किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडणाऱ्याने काय, किती, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची असते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची असते.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना बोलावतात. त्यासाठी सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. हे धन गेल्या 100 वर्षांत कुणी पुरलं होतं आणि दावेदार तोच किंवा त्याचा वारस आहे असं दिसलं, तर ते त्याला मिळू शकतं. कुणीच मालक ठरला नाही तर ते बेवारस जाहीर होतं. मग जमिनीच्या मालकाने दावा केला नसेल तर सगळं सापडणाऱ्याला. दावा केला असेल आणि दोघांत आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला.

सरकारला ती वस्तू हवी असेल तर सरकार ती घेऊ शकतं. त्यासाठी धातूची किंमत आणि त्यावर तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे 20 टक्के जास्त, इतकी रक्कम द्यावी लागते.

आणि कळवलंच नाही तर? सापडणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकाने लपवायला साथ दिली, तर त्याचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जागा कोणती, हेही महत्त्वाचं. असीरगड किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने अशा ठिकाणी परवान्याशिवाय खणता येत नाही. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रातले किल्ले, लेणी आणि जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांपैकी अनेक जागा केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. म्हणून 'गडावर फिरायला जाताना यंत्र घेऊन जाऊ', हा विचार डोक्यातून काढून टाका. यंत्र विकत मिळतं याचा अर्थ ते कुठेही फिरवता येतं असा होत नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं हे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेणं किंवा पाठवणं गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे. अशा वस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो. त्यामुळे फेसबुकच्या ग्रुपवर परदेशी गिऱ्हाईक 'कुरिअर करा' म्हणत असेल तर थांबा.

गुप्तधनाच्या नावाने कुणी मांत्रिक आणत असेल, तर तोही वेगळा गुन्हा होऊ शकतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो उगाच आलेला नाही. या नादात माणसांचे बळी गेले आहेत.

एवढं काय आहे नाण्यांत?

काही जणांना वाटेल, चार नाणी कुणी वितळवली तर इतिहासाचं काय बिघडलं? याचं उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला आहे.

1906 साली या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांहून जास्त नाणी होती आणि सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. याचा अर्थ काय? सातवाहन राजाने नहपानाचा पराभव केला, त्याचं चलन ताब्यात घेतलं आणि आपल्या नावाने पुन्हा फिरवलं. महाराष्ट्राच्या इतिहासातली एवढी मोठी घटना या मडक्यातल्या नाण्यांनी सिद्ध केली. आता कल्पना करा, सापडणाऱ्याने ती गुपचूप वितळवली असती तर? काही किलो चांदी मिळाली असती आणि ही साक्ष कायमची गेली असती. त्यातली पाच-दहाच नाणी बाजारात आली असती, तरी दोन तृतीयांश हे प्रमाण कधीच कळलं नसतं.

राजस्थानात भरतपूरजवळ बयाना इथे 1946 मध्ये गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातली काही नाणी गावातच वितळवली गेली. जी वाचली, त्यातल्या 1,821 नाण्यांचा अभ्यास करून सूची तयार केली ती डॉ. अनंत सदाशिव आळतेकर या मराठी संशोधकाने. गुप्तांच्या नाण्यांबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंचसं त्या सूचीवर उभं आहे.

म्हणून अभ्यासकांना नाण्याइतकीच त्याची जागा महत्त्वाची असते. किती खोल होतं, मडक्यात होतं की सुटं, सोबत खापरं कोणती, राख होती का, भिंत होती का. यावरून ते कधी आणि का पुरलं हे कळतं. असीरगडजवळची माती यंत्राने खणून ट्रकने शेतात टाकली तेव्हाच ही माहिती पुसली गेली. रात्रीच्या कुदळींनी उरलीसुरलीही गेली. अशा वेळी महामार्गाचं काम चालू असतानाच तिथे पुरातत्त्व खात्याचं कुणी असायला हवं होतं, हा प्रश्न गावकऱ्यांना विचारण्याआधी यंत्रणांना विचारायला हवा.

ब्रिटनमध्ये काय करतात?

मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणं हा ब्रिटनमध्ये लोकप्रिय छंद आहे. तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित स्थळांवर विनापरवाना यंत्र चालवणं गुन्हा आहे. 1996 च्या कायद्यानुसार, इंग्लंड आणि वेल्समध्ये 'खजिना' ठरेल अशी वस्तू सापडली तर 14 दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाने ती घेतली, तर बाजारभावाच्या हिशेबाने बक्षीस मिळतं आणि ते बहुधा शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. 1997 पासून तिथे साध्या लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना आहे आणि आज त्या नोंदी 15 लाखांच्या पुढे गेल्या आहेत.

1992 साली सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावात एक माणूस आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला यंत्र घेऊन गेला. त्याला रोमन काळातली सुमारे 15,000 नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू सापडल्या. त्याने सगळं उकरून काढलं नाही. थांबला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी येऊन साठा जागेवरच नीट काढला. बक्षीस ठरलं साडेसतरा लाख पौंड, त्याने ते मित्राबरोबर वाटून घेतलं. ती हातोडीही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

उलट उदाहरणही तिथलंच. 2015 मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना वायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी तो लपवला आणि विकायला काढला. अंदाजे 300 नाण्यांपैकी 31 परत मिळाली. दोघांना 2019 मध्ये अनेक वर्षांची कैद झाली. त्या मोजक्या नाण्यांवरूनही दोन इंग्रज राजांमधल्या युतीचा महत्त्वाचा पुरावा मिळाला. बाकीच्या नाण्यांवर काय होतं, कोण जाणे.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

फरक लोकांच्या प्रामाणिकपणात नाही, हिशेबात आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिवराईचं किंवा सातवाहनांचं दुर्मीळ नाणं सापडलं आणि सरकारने ते घेतलं, तर कायद्याने मिळणार धातूची किंमत अधिक 20 टक्के. तांब्याच्या नाण्याला हे म्हणजे काही रुपये. त्यासाठी त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायचे, पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि कित्येक महिने थांबायचं. सोनार मात्र त्याच दिवशी पैसे देतो. अशा हिशेबात किती लोक कळवतील?

10 रुपयांची मर्यादा 1878 सालची आहे. तेव्हा 10 रुपये मोठी रक्कम होती, आज ती चहाची किंमत आहे. ब्रिटनसारखी पद्धत जशीच्या तशी आणा असं म्हणणं सोपं आहे. पण तिथे स्थानिक पातळीवर वस्तूंची नोंद करणारी माणसं आहेत, आपल्याकडे तालुक्यात तसं कुणी नसतं. तरी दोन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. मोबदला धातूच्या नव्हे, तर वस्तूच्या खऱ्या मोलाशी जोडणं. आणि मोठ्या खोदकामांच्या वेळी पुरातत्त्व जाणणारा माणूस जागेवर ठेवणं.

तुम्हाला नाणं सापडलं तर?

खणणं तिथेच थांबवा. हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवा. जागा नीट टिपून ठेवा. घासू नका, वाटून घेऊ नका, सोनाराला नमुना देऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तलाठी किंवा पोलीस पाटलांना सांगितलं तरी कागद मात्र तुमच्या हातात हवा, कारण उद्या हिस्सा मागताना तोच कामाला येईल. नाणी ओळखायला शिकायचं असेल तर त्यासाठी कुदळ लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात एक दिवस घालवा.

आणि हो, सापडल्याचा व्हिडिओ लगेच टाकू नका. असीरगडच्या शेतात लोक आले ते ऐकून आणि पाहूनच. तुमच्या एका रीलनंतर रात्री बॅटऱ्या घेऊन येणारी माणसं तुमच्या शेतात असतील. ज्याचं शेत होतं, त्याला सकाळी मिळतात ते फक्त खड्डे.